जोडी जुळली असं वाटलं होतं

सरांनी गाडी आत घेतली आणि इंजिन बंद करायच्या आधीच खिडकीतून म्हणाले, "कार्ब्युरेटर बदलायचाय. वेबर टाकू या."

जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्याकडे लोक दुखणं सांगत येत नाहीत, औषधाचं नाव ठरवूनच येतात. मी "बघू" म्हणालो आणि बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारा भाग. वेबर ही तो बनवणारी एक कंपनी, एसयू ही दुसरी.

१९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एका बाजूला खाली एक्झॉस्ट आणि त्याच्या डोक्यावर शेजारी शेजारी एसयूचे दोन एचएस ४ कार्ब्युरेटर. थंड असताना गाडी शहाण्यासारखी वागायची. गरम झाली की उभ्या जागी रेस वरखाली, मधेच बंद पडणं, आणि मोकळ्या रस्त्यावर पेट्रोलचा वास. मागच्या कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलचं, म्हणजे पाय दाबला की हवेची वाट उघडणारी चकती ज्या दांड्यावर फिरते त्याचं, टोक धरून हलवलं तर चक्क खडखडलं. इंजिन चालू ठेवून तिथे क्लीनरचा जरासा फवारा मारला, रेस लगेच बदलली.

म्हणजे स्पिंडल ज्या भोकात फिरतो ते झिजून लांबट झालं होतं. तिथून घुसणाऱ्या हवेचा हिशेब कार्ब्युरेटरकडे नसतो. आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी नुसतं चालू असताना, इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा तेव्हाच जास्त छळते आणि मिक्श्चर पातळ होतं. मग कुणीतरी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खाली करून पेट्रोल वाढवतो. आयडलिंग बसतं, पण वाढवलेलं पेट्रोल रस्त्यावरही वाढलेलंच राहतं. सरांच्या गाडीत हा उपचार कुणीतरी इमानेइतबारे करून ठेवला होता.

एरवी मी अशा वेळी बॉडी लेथवर घेऊन झिजलेल्या भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, मारतो, नवा स्पिंडल टाकतो आणि मोकळा होतो. पण मागच्या बॉडीत आधीच कुणीतरी बुश मारलेली होती आणि तीही वाकडी. थ्रॉटलची चकती एका कडेला घासत होती. त्या बॉडीवर परत हात चालवण्यात अर्थ नव्हता. कार्ब्युरेटर बदलायचाच होता, एवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं.

"मग वेबर?" सर.

वेबरशी माझं काही वाकडं नाही. सरांच्या डोक्यात होता तो ३२/३६. एकाच बॉडीत दोन नळ्या, आधी ३२ मिलिमीटरची उघडते, पाय आणखी दाबला की ३६ ची. एकच कार्ब्युरेटर, म्हणजे दोघांचा ताळमेळ बसवायची कटकट नाही. पण त्याला मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा पाइप, वेगळा लागतो, फिल्टर वेगळा, थ्रॉटल आणि चोकच्या केबलची जोडणी नव्याने, आणि बॉनेट बंद होतं का तेही बघावं लागतं. हे सगळं होऊनही काम अर्धंच झालेलं असतं. वेबरचा घसा, म्हणजे आतली हवेची वाट, ठरलेल्या मापाचा, म्हणून कुठल्या रेसला किती पेट्रोल जाणार हे आयडल जेट, मेन जेट, एअर करेक्टर आणि इमल्शन ट्यूब हे बारके सुटे भाग मिळून ठरवतात. खोक्यातून आलेला वेबर तुमच्या इंजिनाला चपखल बसला तर नशीब. नाही बसला तर डबाभर जेट घेऊन बसा. ज्याला त्यात मजा येते त्याने जरूर बसावं. सरांना गाडी चालवायची होती.

एसयूचं गणित वेगळं. त्याचा घसाच हलता असतो. घुमटाखाली पिस्टन असतो. इंजिन जितकी हवा ओढतं तितका तो वर उचलला जातो, आणि त्याच्या खाली लटकलेली निमुळती निडल जेटमधून वर सरकत पेट्रोलला वाट मोठी करून देते. जेटवरचा ओढा जवळपास सारखाच राहतो. कल्पना १९०५ सालची, स्किनर नावाच्या भावांची. घरचा धंदा बुटांचा, म्हणून पहिल्या कार्ब्युरेटरात पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता! हे सांगितल्यावर सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा वेबर सोडून दुसरं काहीतरी दिसलं.

"मग एसयूच, पण मोठा घेऊ. एचएस ६?"

एसयूच्या नावातला आकडा म्हणजे एक इंचावर आठव्या हिश्श्याचे किती भाग, ते. एचएस २ म्हणजे सव्वा इंच, एचएस ४ दीड, एचएस ६ पावणेदोन. हेड तेच, व्हॉल्व्ह तेच, कॅम तोच ठेवून दरवाजा रुंद केल्याने घरात जास्त माणसं मावत नाहीत. उलट तीच हवा मोठ्या घशातून गेली की पिस्टन कमी उचलतो, निडलचा थोडासाच भाग वापरात येतो, आणि हलक्या पायाने चालवताना गाडी चटकन अंगावर येते. गाडीबरोबर कारखान्यातून जे आलं होतं तेच माप घ्यायचं, हे मी त्यांना पटवलं. त्यात माझी चूक नव्हती. चूक पुढे झाली.

नवे एचएस ४ आजही बनतात. मागवायचे तर थांबावं लागणार होतं, आणि सरांना चार दिवसांनी लांब जायचं होतं. एका जुने सुटे भाग विकणाऱ्याकडे जोडी तयार होती: नवे स्पिंडल, नवे जेट, साफ केलेल्या बॉड्या. मी मागवली. चकत्या साध्या आहेत हे बघितलं. नंतरच्या काही कार्ब्युरेटरांत प्रदूषण कमी करण्यासाठी चकतीतच स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ती स्प्रिंग थकली की पाय काढला तरी रेस खाली येत नाही. व्हॅक्यूमची नळी लावायची जागा दोघांपैकी एकावर होती, तशीच हवी होती. घुमट काढून निडल बघितल्या. दोन्ही पक्क्या बसणाऱ्या, स्प्रिंगवर एका कडेला झुकणाऱ्या नाहीत. दांड्यावरची अक्षरं सारखी, या इंजिनाला चालणारी, आणि खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाटीत.

फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, झाकणाच्या स्क्रूखाली एसयूचा पत्र्याचा बिल्ला असतो. त्यावरचा नंबर हा कार्ब्युरेटर कुठल्या गाडीसाठी भरला होता ते सांगतो. पुढच्यावर बिल्ला होता, मागच्यावर नव्हता. साफसफाईत बिल्ले हरवतातच. मी हात पुसले आणि पुढे गेलो.

सकाळी बसवायला घेतले. नवी गॅस्केटं, मधले उष्णतारोधक ठोकळे, पत्र्याची ढाल, घुमटात वीस ग्रेडचं पातळ तेल. जेट वरच्या कडेला आणून दोन फेरे खाली केले. नटाच्या सहा फ्लॅटचा एक फेरा, म्हणजे बारा फ्लॅट. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. दोघांमधला दांडा सैल करून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. फुस्स आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवले. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर वर उचलायचा: रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी, किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर. पुढचा बाराव्या फ्लॅटला बरोबर आला. मागचा मात्र नवव्या फ्लॅटला.

तीन फ्लॅटचा फरक. तो मला दिसला. नवा जेट आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच, असं मी मनाशी म्हणालो. आजही तो क्षण आठवला की मान खाजवावीशी वाटते.

आयडलिंग असं बसलं होतं की रेडिएटरवर नाणं उभं राहावं. सर खूष. मी गाडी एक फेरी मारायला नेली. हळू चालवली तर छान, पूर्ण पाय दाबला तर छान. मधल्या रेसला, म्हणजे माणूस जिथे सगळा वेळ गाडी ठेवतो तिथेच, इंजिन जड झाल्यासारखं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. परत येऊन गरम असतानाच चारही प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने ठेवले. एक आणि दोन बिस्किटी रंगाचे. तीन आणि चार काजळासारखे काळे.

या इंजिनाचं हेड असं आहे की पहिल्या दोन सिलिंडरना आत यायचा मार्ग एकच आणि शेवटच्या दोघांना एकच. पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः एक-दोनला पाजतो, मागचा तीन-चारला. म्हणजे चोर कुठल्या खोलीत आहे ते प्लगांनी सांगितलं होतं. कपाट कुठलं ते शोधायचं होतं.

पुढचे दोन तास मी चुकीची कपाटं उघडली. फ्लोटची पातळी मोजली, सारखी. चोकची केबल मागचा जेट खाली ओढून तर ठेवत नाही ना? नाही. प्लगची अदलाबदल केली, काळे पुन्हा तिथेच. मग पिस्टनची परीक्षा: पिस्टनची भोकं मळलेल्या पुट्टीने बुजवायची, घुमट उलटा धरायचा आणि तो पिस्टनवरून घसरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. या मापाला पाच ते सात सेकंद हवेत. दोन्हीकडे सहाच्या आसपास. घुमट आणि पिस्टन एकमेकांसाठीच घासलेले असतात, आणि कुणी साफ करताना अदलाबदल केली असेल असा माझा दाट संशय होता. तोही खोटा ठरला.

सर बाकावर बसून होते. तोंडाने काही बोलले नाहीत, पण फोनवर वेबरचे फोटो बघत होते हे मला दिसत होतं.

शेवटी माझ्या हाताखालच्या पोराने अगदी सरळ गोष्ट केली. फिल्टर काढलेलेच होते. मी रेस अडीच हजारावर धरली होती आणि तो टॉर्च घेऊन दोन्ही तोंडांत बघत होता. "दादा, हे दोघं सारखे वर येत नाहीयेत."

मी वाकून बघितलं. पुढचा पिस्टन चांगला वर, मागचा त्याच्या बराच खाली. रेस कमी केली की दोघं आपापल्या तळाशी, आणि फरक डोळ्याला कळेनासा होई. इंजिन बंद करून दोन्ही पिस्टन बोटाने उचलले. मागचा जड. उघड उघड जड.

पिस्टनच्या डोक्यावर, घुमटाच्या आत एक लांब, नाजूक स्प्रिंग असते. निडल बघायला मी आधी घुमट काढले होते तेव्हा दोन्ही स्प्रिंगा हातात घेतल्या होत्या, लांबी सारखी वाटली, आणि परत ठेवल्या होत्या. दोन्ही जुन्या तेलाने काळपट झालेल्या. आता पेट्रोलमध्ये बुडवून ब्रश मारला. एसयूच्या स्प्रिंगच्या टोकाच्या वेढ्याला रंगाचा ठिपका असतो. पुढच्या स्प्रिंगवर लाल उमटला. मागच्यावर पिवळा.

लाल म्हणजे साडेचार औंस, पिवळा म्हणजे आठ. मागच्या कार्ब्युरेटरात जवळजवळ दुप्पट ताकदीची स्प्रिंग होती. ती पिस्टनला दाबून ठेवत होती, त्यामुळे तेवढ्याच हवेला जेटवर ओढा जास्त आणि पेट्रोलही जास्त. आयडलिंगला मी तीन फ्लॅट वर चढवून तो दोष झाकला होता, म्हणजे सरांच्या आधीच्या मेकॅनिकने जे केलं तेच, फक्त उलट्या दिशेने. बिल्ला नसलेला कार्ब्युरेटर बहुधा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. निडल बदलून त्याला जोडीला बसवला होता आणि स्प्रिंग तशीच राहिली होती.

पोराला रंगांवर भरवसा वाटेना. त्याने छोटा डिजिटल काटा आणला, एकेक स्प्रिंग त्यावर उभी धरून पट्टीच्या एकाच खुणेपर्यंत दाबली आणि आकडे वाचून दाखवले. हात थरथरत होता, आकडे नाचत होते, पण एक दुसऱ्याच्या दुपटीला आला म्हणजे वाद संपला. मला ते फार आवडलं, मी त्याला तसं सांगितलं नाही.

आता लाल स्प्रिंग कुठून आणायची? मी ट्रेमध्ये पडलेल्या जुन्या कार्ब्युरेटरांकडे बघितलं. भोकं झिजलेली, बुश वाकडी, पण घुमटाखाली दोन्ही स्प्रिंगा लाल, एकाच वयाच्या. दोन्ही काढून नव्या जोडीत घातल्या. घुमट आणि पिस्टन ज्याचे त्याला ठेवले, फक्त स्प्रिंगा बदलल्या. जेट परत बारा फ्लॅटवर आणून सुरुवातीपासून सगळं लावलं. पुढचा बारावर राहिला, मागचाही बारावर. टॉर्च मारून बघितलं तर दोन पिस्टन एका दोरीत बांधल्यासारखे वरखाली होत होते.

या वेळी फेरीला सरांनाच चालवायला दिलं. मधल्या रेसला बराच वेळ गाडी धरून ठेवायला सांगितली. परत आल्यावर प्लग काढले. तीन आणि चारवर सकाळच्या काजळीची थोडी छटा होती, पण टोकं उजळायला लागली होती. झिजलेल्या बॉड्या, पिवळ्या स्प्रिंगसकट, मी एका डब्यात भरून सरांच्या डिकीत ठेवल्या आणि डब्यावर मार्करने लिहिलं: "स्प्रिंग पिवळी, या गाडीची नाही." बिल्ल्याच्या गोष्टीचं काय झालं तेही त्यांना सांगितलं, माझ्या वाट्यासकट.

सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग गाडीत बसले, किल्ली फिरवली, थोडा वेळ नुसतंच आयडलिंग ऐकलं.

"पण समजा," ते म्हणाले, "पुढेमागे वेबर टाकायचाच ठरवला, तर—"

मी बॉनेट लावून टाकलं.