मल्टिप्लेअर लेव्हल शिकवताना: आधी सेकंद, मग भिंती

जळगावात लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या खेळण्याच्या जागा आखणं, शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांना बीजीएमआय या मोबाइल गेममधला एरंगेल हा नकाशा तोंडपाठ असतो. त्यामुळे पहिल्याच कागदावर डोंगर, नदी, पूल आणि चार गावं उतरतात. एरंगेल ८ बाय ८ किलोमीटरचा आहे खरा, पण तिथे १०० जण उतरतात आणि आकसत जाणारं सर्कल त्यांना एकमेकांच्या अंगावर ढकलत नेतं. आमच्याकडे खेळणारे आठ, चार विरुद्ध चार. गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या तयार स्क्रिप्टमध्ये खेळाडूचा वेग सेकंदाला ५ मीटर असतो. त्या वेगाने ८ किलोमीटर कापायला २६ मिनिटांहून जास्त लागतात. हा हिशोब मी मुलांनाच करायला लावतो. नकाशा आपोआप लहान होतो.

विषय म्हणून जिनिंग फॅक्टरी देतो. खान्देशातल्या पोराने ती आतून नसली तरी गेटातून पाहिलेली असतेच. वजनकाटा, आवारात कापसाचे ढीग, मधे मशीनच्या रांगांचं लांब शेड, पलीकडे गाठींचं गोदाम. तीन वाटा तयारच मिळतात: आवारातून लांब पल्ल्याची, शेडमधून समोरासमोरची, गोदामातून आडवळणाची. या वाटा मधे कुठेतरी एकमेकींना जोडाव्या लागतात, नाहीतर तीन वेगळे बोगदे होतात. ‘काउंटर-स्ट्राइक’ गेममधला २००१ चा नकाशा ‘डस्ट टू’ आजही खेळला जातो, त्यात या जोडवाटांचा मोठा वाटा आहे.

भिंत उभी करण्याआधी सेकंद ठरवायचे. शेडमधून दोन्ही संघ आठव्या सेकंदाला भिडावेत, म्हणजे प्रत्येकाला ४० मीटर. बाजूच्या वाटांना १० ते ११ सेकंद. बॉम्ब ठेवण्याचा खेळ असेल तर राखणाऱ्यांना दोन-तीन सेकंद आधी पोहोचू द्यावं. हे पट्टीने मोजून चालत नाही. वळणं आणि जिने वेळ खातात, म्हणून प्रत्येक वाट पळून स्टॉपवॉच लावायचं.

मग करडे ठोकळे. गोडोत ठोकळे एकत्र जोडणाऱ्या सीएसजी कम्बायनरखाली सीएसजी बॉक्स, म्हणजे साधे ठोकळे, टाकायचे आणि त्यांना घन करणारं ‘यूज कोलिजन’ कम्बायनरवर चालू करायचं. ते विसरलं की खेळाडू जमिनीतून खाली पडतो, आणि कोणी ना कोणी विसरतंच. दार कापायचा वजाबाकीचा बॉक्स घटकांच्या यादीत (सीन ट्रीमध्ये) भिंतीच्या नंतर यायला हवा, आधी असेल तर दार पडतच नाही. तो भिंतीपेक्षा थोडा जाडही हवा, नाहीतर कडेला पापुद्रा लुकलुकत राहतो. खेळाडूचं अंग म्हणून धरलेल्या कॅप्सूलची रुंदी १ मीटर असते, म्हणून दार किमान २ मीटर. दीड मीटरच्या दारात दोघं हमखास अडकतात.

खरी गडबड उंचीत होते. तयार स्क्रिप्टमध्ये उडीचा वेग ४.५ आणि गुरुत्व ९.८, म्हणजे उडी साधारण १ मीटर. कापसाची गाठ बरोबर १ मीटरची ठेवली की कधी चढता येतं, कधी नाही, आणि खेळाडू चिडतो. चढायची गाठ ०.८ मीटर, न चढायची १.३. ढिगांचंही तसंच. ४५ अंशांपर्यंतचा उतार इंजिन जमीन मानतं, त्यावरचा भिंत. म्हणून चढायचा ढीग ३० अंशांचा आणि नुसत्या आडोशाचा ६०चा. ४५च्या आसपास काही नको.

आवारात एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत दोन सेकंद, म्हणजे १० मीटर. नजर सलग ३० मीटरच्या पुढे गेली की स्नायपर घेतलेला एकटा सगळ्या आवाराचा मालक होतो. अशा वेळी मुलं जागोजाग खोकी पेरतात. त्यापेक्षा एक ढीग आडवा सरकवला तर काम होतं आणि जागा ओळखूही येते. स्पॉनला, म्हणजे संघ जिथून सुरू होतो त्या जागेला, दोन तोंडं हवीत आणि कुठूनही एका स्पॉनमधून दुसरा दिसता कामा नये.

जागा ओळखू येतात का, ते खेळताना ऐकूनच कळतं. ‘टाकीमांगे दोन शेतस!’ (टाकीमागे दोघं आहेत) असं कोणी ओरडलं की ती टाकी जमली. ‘तिकडे, तिकडे, त्या खोक्याजवळ’ ऐकू आलं तर तिथे रंग, उंची किंवा एखादी ठळक वस्तू कमी पडते आहे. धुळ्याच्या जुन्या शहरातल्यासारखे गल्ल्यांना नंबर देऊन बघतात काही जण. गोळीबारात नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही.

चाचणीत लेव्हल बनवणाऱ्याने गप्प बसायचं, हा नियम मी कडक पाळतो. त्याच्या हातात नकाशाची प्रिंट आणि दोन पेनं: एका संघाचा खेळाडू मेला की तिथे लाल ठिपका, दुसऱ्याचा मेला की निळा. दहा फेऱ्या, पाचव्या फेरीनंतर बाजूंची अदलाबदल. ठिपके एकाच दारात साचले तर तिथे दुसरी वाट हवी. एक कोपरा कोराच राहिला तर तो सरळ कापून टाकावा, कितीही मेहनतीने बनवलेला असला तरी. एकाच बाजूने आठ फेऱ्या जिंकल्या तर आधी पुन्हा स्टॉपवॉच काढायचं. बहुतेक वेळा एक संघ दीड-दोन सेकंद लवकर पोहोचत असतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि फाइल नव्या नावाने सेव्ह करायची. मे महिन्यात दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे सेव्ह प्रत्येक फेरीनंतर. पत्रे, कापूस, सावल्या हे सगळं आठवा सेकंद जागेवर बसल्यावर.