दीडशे मिनिटं

डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चाला. पुणे सोडून, दिवे घाट चढून सासवडला टेकले, तेव्हा माझा अख्ख्या महिन्याचा कोटा एका दिवसात संपला होता. आता आषाढीपर्यंत मला कुणी जागचं हलवू नये, एवढंच त्या रात्री माऊलींकडे मागितलं. पहाटे काकड्याला जाऊबाईंनी पांघरूण ओढलं.

शाळेत पीटीच्या तासाला माझं पोट हमखास दुखायचं. पुढे बँकेची खुर्ची. निवृत्तीनंतर टीव्हीसमोरची खुर्ची. साठी उलटली आणि रक्तातली साखर वर गेली, तेव्हा मुलाने चालायचे बूट आणून दिले. ते घालून मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे आणि रिक्षाने परत यायचे. जाऊबाई दरवर्षी वारी करतात. त्यांनी मला न विचारता दिंडीत नाव घातलं. मग फाल्गुनापासून धाकाने सराव. चालणं आवडतंय असं एक दिवसही वाटलं नाही.

वारीत भक्तीइतकीच चिडचिड होते, हे कुणी आधी सांगत नाही. शौचालयाची रांग. राहुटीत शेजारचीचं घोरणं. सामानाच्या ट्रकमध्ये माझी वळकटी कायम सगळ्यांच्या तळाशी. रस्त्याकडेला बिस्किटं वाटणाऱ्यांचे स्पीकर इतके मोठे, की आपल्याच दिंडीचा पखवाज ऐकू येईना. आणि कोपराने ढकलून वर 'माऊली, माऊली' म्हणत पुढे घुसणारे. जेजुरीला अंगावर भंडारा पडला, नीरास्नान झालं, चांदोबाच्या लिंबाजवळ रिंगणात धावलेल्या घोड्याच्या टापांखालची माती जाऊबाईंनी माझ्याही कपाळाला लावली. यातलं फार काही आठवत नाही, कारण तोवर डाव्या टाचेला फोड आला होता.

तरडगाव ते फलटण. पाऊस नाही, ढगही नाहीत, डांबर तापलेलं. बुटात पाय भिजून लिबलिबीत झालेला आणि प्रत्येक पावलाला टाच सोलवटल्यासारखी. निंभोरे ओढ्याच्या अलीकडे मी ओळ सोडली आणि कडेच्या दगडावर बसले. दिंडी पुढे गेली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. वीणेकरी, तुळशीवाल्या, पताका. इतकी माणसं 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत समोरून चाललेली आणि माझ्या मनात एकच विचार: फलटणहून पुण्याला एसटी किती वाजता असेल?

एक म्हातारी थांबली. परभणीकडची, पंच्याहत्तरीच्या घरातली, डोक्यावर बोचकं, पायात टायरच्या चपला. न विचारता समोर बसली. "बूट काढ." काढला. तिने बोचक्यातून सुईदोरा काढला, सुईत दोरा ओवलेलाच होता. फोडातून दोरा आरपार घालून ठेवला की पाणी झिरपतं आणि वरची कातडी शाबूत राहते, वारीत निम्मे पाय असेच शिवलेले असतात. मी घाबरून म्हटलं, "मला साखर आहे हो."

तिचा हात थबकला. सुई परत चिंधीत खोचली. "मग नाही टोचत. आमच्या मालकाचा अंगठा साखरेनंच गेला."

मग तिने जुन्या लुगड्याची धुतलेली पट्टी फाडली, पिळून तिची बोटभर चुंबळ केली आणि फोड बरोबर मधल्या भोकात राहील अशी टाचेवर बसवली. वरून दुसरी पट्टी. बुटाचं घासणं आता चुंबळीवर, फोड मोकळा. मुलाने आणलेल्या महागड्या बुटांपेक्षा त्या चिंधीवर माझा जास्त विश्वास बसला.

"घरी काय काम असतंय?"

"आता काही नाही. रिटायर झालेय."

"मग दमलीस कशानं?"

मला राग आला. खरंच आला. पेरणी उरकून आलेल्या बाईला काय उत्तर देणार, म्हणून गप्प बसले. ती उठली आणि मलाही उठवलं. जी दिंडी समोर होती तिच्यात आम्ही शिरलो. तिच्या चोपदाराने एकदा रोखून बघितलं, पण काही बोलला नाही. मी नेहमीसारखी ढांगा टाकायला लागले, लवकर पोचायचं म्हणून. तिने मनगट धरलं. "लांब नको टाकू. बारकी पावलं टाक. टाळ वाजतंय ना, तेवढंच चालायचं." डॉक्टरांचं 'भरभर' मी आयुष्यभर 'लांब लांब' समजत आले होते. बारक्या पावलांनी गुडघा कुरकुरला नाही, धापही लागली नाही. आणि मधेच एका अभंगाला, कुठला ते सांगत नाही, मला रडू फुटलं. पायाचं नव्हतं ते. म्हातारी ढुंकूनही बघेना, तिचं भजन चालूच.

फलटणच्या तळावर जाऊबाई संतापल्या होत्या. दिंडी कशी सोडली, कुठे शोधायचं. आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि हरिपाठाला आम्ही एकमेकींकडे पाठ करून टाळ वाजवला.

पुढे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. वाखरीला पावसाने झोडपलं. पंढरपुरात दर्शनाची रांग बघून कळसालाच हात जोडले. जाऊबाई रांगेत राहिल्या.

आता रोज चालते. आवडीने नव्हे. तळपाय आरशात बघते, बूट घालते, निघते. बागेत चार चकरा मोजणं मला जमत नाही, कंटाळा येतो. म्हणून मनातल्या मनात हरिपाठ म्हणत बारकी पावलं टाकते, तो संपला की घरी. एक गृहस्थ मनगटावरचं घड्याळ दाखवत रोज विचारतात, "तुमच्या किती स्टेप्स झाल्या?" मी सांगते, "चौदावा अभंग चालू आहे, मधे बोलू नका."