गणेशखिंडीचा मनोरा मोजताना

यंदा सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मुलांना पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा मनोरा दिला. तो इमारतीच्या अंगातूनच वर गेलाय, पायथ्याशी टेप पोचत नाही. अशा वेळी मनोऱ्याच्या दिशेने सरळ रेषेत दोन खुणा करून दोन्हींवरून शेंड्याचा कोन घ्यायचा. आमच्या खुणांत 20 मीटर अंतर होतं. साधन म्हणजे कोनमापक, प्लास्टिकची नळी, आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा.

तीन वाचनांची सरासरी जवळून 29.8 अंश आली, लांबून 21.9. गणिताने 27 मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली.

"सर, 93 फूट!"

नोंद सुमारे 80 फुटांची आहे. लांबच्या खुणेवर वारा एकाच बाजूने होता, दोरा तिकडे ओढला जात होता. म्हणून सरासरी घेऊनही चूक गेली नाही. कापलेल्या बाटलीत पाणी घेऊन नट त्यात सोडला, दोरा थांबला, कोन 20.9 आला आणि उंची 80 फुटांवर. एका अंशाने तेरा फूट!

"पण एवढा उंच कशाला बांधला?" हा प्रश्न मला गणिताहून मोलाचा वाटला. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात याच इमारतीत मुक्कामाला येई आणि तो आल्याचं निशाण लांबून दिसायला हवं. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, कापसाच्या तेजीत, 1864 साली काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली, खर्चावर टीका झाली, तरी 1871 पर्यंत काम पुरं केलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा 22 जून 1897 ला इथेच झाला. तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली ती याच गणेशखिंड रस्त्यावर.

1949 साली विद्यापीठ आलं, मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. एका माणसाच्या पावसाळी मुक्कामासाठी राखलेली सुमारे 411 एकर जमीन तुकडे न पडता शिक्षणाकडे आली, हे मला फार मोठं वाटतं. शहराच्या एवढ्या जवळ असा सलग पट्टा नंतर कुणाला मिळाला असता?

पुढच्या प्रॅक्टिकलला जुन्या नकाशावरून हद्द शोधायची आहे. बाटली बरोबर घ्यायला सांगितली आहे.