अर्ल ग्रे, न उकळता

अर्ल ग्रे म्हणजे काळा चहा, त्याला बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाच्या सालीचं तेल लावलेलं. हे फळ मुख्यतः इटलीतल्या कॅलाब्रियात पिकतं. डबा उघडला की संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास दरवळतो. काही चहांना मात्र थेट अत्तराचा वास मारतो. ते मी घेतच नाही.

हा आपल्या चहासारखा उकळायचा नाही. सुवास उडून जातो, उरतो नुसता कडवटपणा. २०० मिली कडकडीत पाणी, चमचाभर पत्ती, ३ मिनिटं झाकण आणि लगेच गाळायचा. आधी सालीचा वास नाकात चढतो, मग जिभेच्या कडांना तुरटपणा. आई म्हणते, "दूध नाही, आलं नाही, त्यापेक्षा काढा बरा!" थेंबभर दूध मला चालतं, साखर अजिबात नाही. उन्हाळ्यात गार करून प्यायला तर पन्ह्याच्या खालोखाल हाच.