ग्रहणाचा काही संबंध नाही

माझ्या भाचीला अकॉन्ड्रोप्लेझिया आहे, म्हणजे हातापायाची हाडं नीट वाढत नाहीत आणि उंची कमी राहते, हे जन्मापासूनच असतं. जन्मली तेव्हाच दंड-मांड्या आखूड, कपाळ पुढे आलेलं. बारशाला आलेल्या दोघी-तिघींनी वहिनीला विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतंस का गं? वहिनी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

ग्रहण नाही, खाणं नाही, काहीच नाही. हातापायाची लांब हाडं आधी कुर्चेची (कानाच्या पाळीच्या वर असते तशा लवचिक, मऊ हाडाची) असतात, टोकाशी ग्रोथ प्लेट असते, तिथे कुर्चेच्या पेशी वाढतात, रांगेत लागतात आणि मग त्याचं हाड होतं, अशी उंची वाढते. एफजीएफआर३ नावाचं जीन आपल्या सगळ्यांच्यात असतं आणि ते या वाढीला ब्रेक लावतं, पण गरजेपुरता. हिच्या त्या जीनमधलं एक अक्षर बदललंय आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. कवटीचा वरचा भाग कुर्चेतून बनत नाही ना, म्हणून डोकं नीट वाढतं आणि हातपाय मागे राहतात. बुद्धीला काही होत नाही, हे मी दहा वेळा सांगेन. जीन कुठलं ते 1994 मध्येच सापडलंय. अशा सुमारे 80 टक्के मुलांचे आईबाबा नॉर्मल उंचीचेच असतात, बदल नव्यानेच झालेला असतो, तोही बहुतेक वेळा वडिलांच्या बीजात, पण म्हणून आता दादाला बोल लावू नका, ते कुणाच्याच हातात नसतं.

एक मात्र आम्हाला उशिरा कळलं. आजी तिला उशा लावून बसवायची, सहा महिने झाले तरी बसत नाही म्हणून. तसं करायचं नाही! मान-पाठ सैल असते, डोकं जड, लवकर बसवलं की पाठीला बाक येतो. दुसरं, कवटीच्या तळाचं भोक अरुंद असू शकतं, तिथे मज्जारज्जूवर दाब आला तर झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे घोरणं, श्वास थांबणं दिसलं की लगेच डॉक्टरांकडे. कानही सारखे फुटतात, ते अंगावर काढू नका.

व्होसोरिटाइड म्हणून रोजचं इंजेक्शन आहे, 2021 मध्ये अमेरिका-युरोपात मंजूर झालं, ते हा ब्रेक थोडा सैल करतं. आमच्या आवाक्यातलं नाही. रात्री हिशोब करत बसतो दादा.

आता तीन वर्षांची झालीय. मागच्या आठवड्यात दादानं लाइटची बटणं खाली घेतली, तेव्हापासून दिवसभर चालू-बंद चालू-बंद, आणि वहिनी एका शब्दाने ओरडत नाही तिला.