आमची वाटचाल : क्युपोलापासून एस.जी. आयर्नपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आज एस.जी. आयर्न, म्हणजे ताण आला तरी चटकन न तुटणारं ओतीव लोखंड, ओतणाऱ्या फौंड्र्या पुष्कळ आहेत. आम्हीही ते ओततो याचं बाहेर कुणाला अप्रूप नाही, आम्हाला मात्र फार आहे. सत्तरच्या दशकात अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्युपोलावर, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर, धंदा सुरू केला. तेव्हा ऑइल इंजिनाची फ्लायव्हीलं आणि पंपाच्या बॉड्या एवढंच आम्ही ओतायचो. जिल्हाभर ऊस, उसाला पाणी, पाणी उपसायला इंजिन. काम आपल्या पायानं दारात यायचं. पुढं गावोगाव वीज पोचली, इंजिनाच्या जागी मोटारी बसल्या आणि तो माल हळूहळू कमी होत गेला.

डिप्लोमा करून मी फौंड्रीत आलो तेव्हा पोटापुरतं काम होतं. मॅनहोलची झाकणं होती, लिफ्टची काउंटरवेट होती. पैसे वेळेवर मिळायचे. विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी घेऊया, एस.जी. करूया, असं मी म्हणालो, तर घरात पहिला शब्द निघाला तो हाव. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं काकांनी सुनावलं. सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा, असं पाहुण्यांनीही विचारलं. आमच्याकडे महत्त्वाकांक्षी माणसाकडे असंच थोडं संशयानं बघतात. त्या संशयाला कारणं आहेत. कर्जाखाली मोडलेली घरं सगळ्यांनी पाहिलीत. तरीही महत्त्वाकांक्षा हा चांगला गुण आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. ती कुणाची आणि कशाची, हे मात्र विचारायला हवं.

आमच्या भागात हा विषय निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव येतंच. 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान, 1903 मध्ये लोखंडी नांगर, 1910 मध्ये कुंडल रोडजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून नांगर सुरुवातीला खपत नव्हते, हेही सगळे सांगतात. मला त्या गोष्टीतला दुसराच भाग मोठा वाटतो. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. एके काळी फायरमन असलेले शंभूराव जांभेकर यंत्रांतले जाणकार म्हणून नावारूपाला आले. एका माणसानं आपल्या मनातलं काम इतरांच्या मनात रुजवलं, म्हणून तो माळ उभा राहिला.

एस.जी. आयर्न करताना हे मला रोज दिसतं. साध्या बिडात ग्रेफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. ताण आला की तडा त्या पापुद्र्यांच्या कडेनं धावतो, म्हणून बीड ठिसूळ. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम गेलं की तेच ग्रेफाइट गोळ्यांच्या रूपात जमतं आणि ओतीव लोखंड तुटण्याआधी ताणलं जातं. 400/15 ग्रेड म्हणजे 400 मेगापास्कल ताकद आणि तुटण्याआधी किमान 15 टक्के लांबी वाढणं. अण्णांच्या पिढीला बिडाबद्दल हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. अडचण अशी की मॅग्नेशियम 1090 अंशांच्या आसपास उकळतं आणि लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्यात, पांढरा लख्ख भडका उडतो, धूर होतो. शेवटी मालात राहायचं असतं जेमतेम 0.04 टक्के. तेही क्षणोक्षणी उडत असतं. साधारण दहा मिनिटांत ओतून संपलं नाही, तर गोळे पुन्हा बिघडू लागतात.

ती दहा मिनिटं मालकाच्या हातात नसतात. भट्टीवाला तापमान पाहतो, दुसरा लॅडल आणतो, मोल्डरनं साचे बंद करून ठेवलेले असावे लागतात, कोअरशॉपमधल्या बायकांनी कोअर, म्हणजे मालात पोकळी ठेवणारे वाळूचे ठोकळे, नीट भाजलेले असावे लागतात, नाहीतर गॅस धरून मालात भोकं, म्हणजे ब्लो होल, पडतात. यांतल्या एकानंही कंटाळून हात आखडता घेतला, तर माझी महत्त्वाकांक्षा भंगारात जाते.

सुरुवातीला आमचे भट्टीवरचे मामा स्पष्टच बोलले. "मालक, मोठं तुमास्नी व्हायचंय, भडक्याम्होरं हुबं आमी ऱ्हायचं." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मोठ्या स्वप्नांबद्दल जो आक्षेप घेतला जातो, त्यातला सगळ्यात खरा आक्षेप मला हाच वाटतो. काकांचा कर्जाचा मुद्दा त्याच्यापुढं लहान आहे. घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचं होत असेल, तर त्या महत्त्वाकांक्षेला गुण म्हणू नये.

म्हणून आम्ही मायक्रोस्कोप ऑफिसात ठेवला नाही, भट्टीजवळच्या खोलीत ठेवला. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या लोखंडाचा, नमुना घासून, पॉलिश करून, ज्यांनी ओतला त्यांनीच आधी बघायचा. रिजेक्शन कमी झाल्यावर जे वाचेल, त्यातला ठरलेला हिस्सा पगारात जाऊ लागला. लॅडलवर झाकण आलं, धूर ओढणारा हूड बसला. तो खर्च मी भट्टीच्या कर्जातच धरला होता आणि आजही नव्या माणसाला आधी तोच दाखवतो. मामांनी पहिल्यांदा काचेतून ते काळे गोल ठिपके पाहिले आणि विचारलं, "ह्ये आमी केलं?" नंतर गोळे वेडेवाकडे दिसले की तेच मोल्डिंगवाल्यांना उशिराबद्दल जाब विचारू लागले. मला बोलावं लागत नव्हतं.

काउंटरवेट आम्ही अजूनही ओततो, महिन्याचा पगार त्यातून सुटतो. टनेज वाढवायची घाई मला नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या आता आमच्याकडून जातात. तेलाचे आतले मार्ग कोअरनं काढायचे आणि दाबाखाली कुठंही पाझर येऊ द्यायचा नाही, असं ते किचकट काम आहे. आपल्या फौंड्रीला ते जमतं, असं आमच्या कोअरशॉपमधल्या ताई माहेरी सांगतात. कुठल्याही ऑर्डरपेक्षा मला त्याचा जास्त आनंद आहे.

सध्या ऑस्टेम्परिंगचे नमुने चाललेत. तेच एस.जी. आयर्न 900 अंशांच्या आसपास तापवून गरम क्षारांच्या बाथमध्ये थंड करायचं, म्हणजे ताकद कितीतरी वाढते. बाथ आमच्याकडे नाही, नमुने बाहेरून करून आणतो. ही कल्पना माझी नव्हती. लॅबमध्ये बसणाऱ्या, मामांच्याच धाकट्या मुलानं ती काढली आणि बाथसाठी जागा कुठली मोकळी करायची याचा नकाशाही त्यानंच आणून दिलाय. काका अजून अंथरुणाची आठवण करून देतात. बँकेचे कागद मात्र यंदा मी भरायला घेतले आहेत.