पाणी उकळू न देणारी भट्टी

आमच्या चंद्रपूरकडे वीज कशी बनते हे कुणाला शिकवावं लागत नाही, घरटी एक माणूस तरी थर्मलला नाहीतर कोळसा खाणीत लागलेला असतो. कोळसा जाळा, पाण्याची वाफ करा, वाफेवर टर्बाइन फिरवा, आली लाइट. पण अणुऊर्जा म्हटलं की याच लोकांच्या मनात भलतंच काहीतरी येतं. आमचे एक काका, ठेकेदाराकडे बॉयलर फिटर म्हणून जन्म गेला त्यांचा, तेच मला म्हणाले, "अणूची लाइट तारेतून घरात येते, मंग तिच्यात रेडिएशन नसन काय बे?"

नसते काका. तिथंही वाफच आहे आणि टर्बाइनच आहे, बदलतो तो फक्त बॉयलर, त्याच्या जागी अणुभट्टी असते. आणि खरी गंमत सगळी त्या बॉयलरमध्येच आहे म्हणून एवढं लिहायला बसलो.

तामिळनाडूत कुडनकुलमला रशियन बनावटीची 1000 मेगावॅटची युनिट आहेत, पहिलं 2013 मध्ये ग्रीडला जोडलं. ही प्रेशराइज्ड वॉटर जातीची भट्टी. (तारापूरची जुनी दोन युनिट या जातीची नाहीत बरं, त्यांच्यात पाणी भट्टीतच उकळतं.) युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, आणि पाणी त्या इंधनाच्या नळ्यांना घासून जातं तेव्हा 291 डिग्रीवर आत शिरून 321 डिग्रीवर बाहेर पडतं. तरी उकळत नाही! कारण त्याच्यावर जवळपास 157 बार प्रेशर ठेवलेलं असतं आणि एवढ्या प्रेशरखाली पाण्याला उकळायला 345 च्या आसपास डिग्री लागते. घरच्या कुकरमध्ये पाणी 120 डिग्रीपर्यंत जातं ना, तेच तत्त्व, फक्त इथं शिट्टी होऊ द्यायची नाही. प्रेशर सांभाळायला प्रेशरायझर नावाची वेगळी उभी टाकी असते, अर्धी पाणी अर्धी वाफ, प्रेशर उतरलं की खालचे हीटर चालू आणि चढलं की वरून थंड पाण्याचा फवारा.

मग वाफ कुठं होते? स्टीम जनरेटरमध्ये. मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. कुडनकुलमला एका युनिटला असे चार आडवे ड्रम आहेत आणि एकेका ड्रममध्ये सुमारे 11 हजार बारीक नळ्या, बाहेरून 16 मिलीमीटर जाड, भिंत फक्त दीड मिलीमीटरची. नळीच्या आत भट्टीतलं किरणोत्सारी पाणी आणि बाहेर साधं स्वच्छ पाणी, त्या बाहेरच्या पाण्यावर प्रेशर कमी म्हणून ते उकळतं आणि त्याचीच वाफ टर्बाइनकडे जाते. दोन पाण्यांची भेट होतच नाही. हे सांगितल्याबरोबर काकांनी बरोब्बर विचारलं, "अन् ट्यूब लिकेज झाली तं?" आयुष्यभर तेच पाहिलं ना त्यांनी, ट्यूब लिकेज झाली की सेट ट्रिप, म्हणजे अख्खं मशीन बंद. तर इथं वाफेतली किरणोत्सारिता सतत मोजत असतात, गळती वाढली तर युनिट बंद करायचं, आणि दुरुस्तीला घेतल्यावर खराब नळी दोन्हीकडून प्लग मारून कायमची बंद करून टाकतात.

पुढचं सगळं आपल्याकडच्यासारखंच. कुडनकुलमचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं आणि आपल्या थर्मलचे सेटपण तेवढेच, कारण ग्रीड 50 हर्ट्झचा. 2013 च्या शेवटी दक्षिणेचा ग्रीड बाकी देशाला जोडल्यापासून ही सगळी मशिनं एकाच तालात फिरतात, त्यामुळे रात्री थ्री फेज आल्यावर वावरातली मोटर कोणत्या वीजेवर चालली हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कोळशाच्या 1000 मेगावॅटला रोज हजारो टन कोळसा लागतो, मालगाड्यांवर मालगाड्या, आणि इथं वर्षाला साधारण 25 टन इंधनात भागतं.

मग भीती कशाचीच नाही का? आहे, पण लोक घाबरतात तिथं नाही. भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, तेवढं समृद्ध युरेनियमच नसतं तिच्यात, म्हणजे फुटणाऱ्या जातीच्या अणूंचं प्रमाण त्यात कमी असतं. खरा ताप भट्टी बंद केल्यावरचा. कंट्रोल रॉड, म्हणजे अणू फुटणं रोखणाऱ्या कांड्या, खाली पडले की अणू फुटायचं थांबतं, पण आधी फुटलेल्या तुकड्यांची उष्णता निघतच राहते, सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के. 1000 मेगावॅट वीज काढायला भट्टीत 3000 मेगावॅट उष्णता लागते, तिच्यात हे म्हणजे 200 मेगावॅटच्या आसपास! तासाभरात ती दीड टक्क्यावर येते, पण पाणी फिरवणं थांबवता येत नाही. 1979 मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला हेच झालं, प्रेशरायझरवरचा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला, पाणी निघून जात होतं आणि ऑपरेटरला लेव्हल भरलेली दिसली म्हणून त्यांनी आत येणारं इमर्जन्सी पाणीच कमी केलं. अर्ध्याच्या आसपास इंधन वितळलं.

काका एवढं सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे कोळसा बरा, टाकनं बंद केलं का इझते."